अजून एक पेपर

प्रत्येक सोसायटीत एक गाडी अशी असते, जी चालताना कुणी पाहिलेली नसते आणि पुसताना सगळ्यांनी पाहिलेली असते. तिच्याशेजारी बादली असते, बादलीशेजारी लाकडी पाट असतो आणि पाटावर एक गृहस्थ, चष्मा कपाळावर ढकलून, दरवाजाच्या पत्र्याला नाक लागेल इतके वाकून बसलेले असतात. आपण भाजीची पिशवी सावरत, काहीतरी बोलायला हवं म्हणून, "काय, गाडी धुताय वाटतं?" असं विचारतो आणि तिथेच सापडतो. कारण ते गाडी धूत नसतात. ते पेपर मारत असतात. आणि धुणं व पेपर मारणं यांतला फरक पुरता कळल्याशिवाय भाजीची पिशवी घरी पोचत नाही.

आमच्याकडचे हे गृहस्थ म्हणजे अप्पा. उभी नोकरी चिंचवडच्या एका कारखान्यात, क्वालिटी विभागात गेली. लोकांनी केलेल्या मालात खोट काढायची आणि महिनाअखेर त्याचा पगार घ्यायचा, हे त्यांनी इतकी वर्षं केलं की निवृत्त झाल्यावर पंचाईत झाली. काकूंच्या आमटीत खोट काढण्याचा प्रयोग झाला. तो एका जेवणापुरताच टिकला. मग त्यांची नजर खाली पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या स्वतःच्या लाल मारुती आठशेवर गेली.

लाल रंग उन्हाला फार लवकर शरण जातो. गाडीचा टप आधी गुलाबी झाला होता, मग पिठूळ, आणि शेवटी तर टपाला बोट लावलं की बोट रंगायचं. गॅरेजवाल्याने पूर्ण गाडीच्या पेंटिंगचा आकडा सांगितला. अप्पांनी घरी येऊन तो वहीत लिहिला, त्याखाली रेघ मारली आणि रेघेखाली एकच शब्द लिहिला : 'घरी.' पुढे कॉम्प्रेसरचं भाडं, गन, पुट्टी, प्रायमर, रंग, क्लिअर, हार्डनर, थिनर, मास्किंग टेप, पेपर, कंपाउंड आणि बफिंगचं मशीन यांची बेरीज गॅरेजच्या आकड्याला ओलांडून कुठल्या कुठे गेली, असं काकू सांगतात. पण ती बेरीज वहीच्या दुसऱ्या पानावर आहे, आणि अप्पा पाहुण्यांना पहिलंच पान दाखवतात.

खरं तर त्यांना गाडी काळी करायची होती. पण रंग बदलायचा तर आरसी बुकात तशी नोंद हवी, म्हणजे आरटीओ आलं. अप्पा जगात दोन गोष्टींना भितात, त्यातली ही एक. दुसरी वर स्वयंपाकघरात असते. तेव्हा लाल ती लालच राहिली.

रंग कधी द्यायचा यासाठी त्यांनी फक्त पंचांग तेवढं उघडलं नाही. पावसाळ्यात नको, कारण थिनर उडताना हवेतला दमटपणा थरावर उतरतो आणि रंग पांढुरका पडतो. मे महिन्यात नको, कारण गनमधून निघालेला थेंब पत्र्यावर पोचेपर्यंत निम्मा वाळतो आणि अंग खरखरीत येतं. शेवटी तुळशीची लग्नं उरकल्यानंतरचा एक रविवार ठरला. पार्किंगच्या तिन्ही बाजूंना प्लॅस्टिकचे पडदे लागले. धूळ बसावी म्हणून फरशीवर पाणी मारलं गेलं. हार्डनरमधलं आयसोसायनेट फुप्फुसाला घातक असतं, तिथे तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, म्हणून मुलाने बंगळूरहून दोन डब्यांचा मोठा मास्क पाठवला होता. तो चढवून अप्पा बाहेर आले तेव्हा तळमजल्यावरच्या कुत्र्याने भुंकायचासुद्धा विचार केला नाही, ते थेट गेटबाहेर गेलं.

रंग चांगला बसला. क्लिअरचा, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराचा, शेवटचा हात मारून झाला आणि तो ओला असतानाच बॉनेटच्या बरोबर मध्यावर एक डास उतरला. बघायला जमलेल्यांपैकी निम्म्यांचे हात पुढे झाले. "खबरदार!" मास्कच्या आतून आवाज आला. "राहू दे त्याला." ओल्यात बोट घातलं की खड्डा पडतो, वाळला की हजार नंबरचा पेपर त्याला हलक्या हाताने काढून टाकतो, हे अप्पांनी नंतर समजावलं. डास तिथेच राहिला. पुढचे कित्येक दिवस सोसायटीतली पोरं गाडी बघायला म्हणून यायची आणि डास बघून जायची.

घरी रंगवलेल्या गाडीचं असंच असतं. गॅरेजमधल्या बंद बूथमध्ये हवा गाळून येते, आमच्या पार्किंगमध्ये ती समोरच्या रस्त्यावरून येते. त्यामुळे डासाखेरीज इतरही बरंच काही अंगावर बसलं होतं : धुळीचे कण, एक कापसाचं तूस, डाव्या दारावर क्लिअरचा एक ओघळ. आणि सगळ्या अंगभर ती बारीक खळीखळीची ठेवण, जिला पेंटर लोक संत्र्याची साल म्हणतात. तुमच्याआमच्या डोळ्यांना गाडी झकास चमकत होती. काकूंनी तर दृष्ट काढायला मीठ-मोहऱ्या आणल्या. अप्पांनी ट्यूबलाइट लावली, बॉनेटमधल्या तिच्या प्रतिबिंबाकडे एक डोळा मिटून पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर निवृत्तीनंतर प्रथमच खरं समाधान दिसलं. ट्यूब वाकडीतिकडी दिसत होती. कडा थरथरत होत्या. म्हणजे खोट होती!

मला वाटतं, रंग देणं हे या मंडळींचं निमित्त असतं. त्यांना खरं हवं असतं ते हे पुढचं काम. त्याची तऱ्हा अशी की झकास चमकणारी गाडी आधी आपल्या हाताने घासून मंद, राखाडी, कळाहीन करून टाकायची आणि मग तीच चमक महिनोन्‌महिने मेहनत करून परत आणायची. मधल्या काळात भेटणारा प्रत्येक माणूस हळहळतो, "अरेरे, काय झालं हो गाडीला?" आणि प्रत्येकाला सगळं पहिल्यापासून समजावून सांगता येतं.

पण आधी थांबायचं असतं, आणि थांबणं अप्पांना जमत नाही. बूथमध्ये साठेक अंशांवर अर्ध्या तासात जे वाळतं त्याला पार्किंगमध्ये, थंडीच्या दिवसांत, आठवडे लागतात. घाई केली तर पेपर रंगाने भरतो, आणि आणलेली चमकही पुढे मावळते. अप्पा रोज सकाळी चहाआधी खाली येत, पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडत आणि आतल्या, कुणाला न दिसणाऱ्या रंगावर अंगठ्याचं नख दाबून बघत. वर गेले की काकू विचारत, "काय म्हणतोय?" "अजून मऊ आहे." शेजारच्या नव्या सूनबाईंनी हा संवाद बरेच दिवस ऐकला आणि शेवटी न राहवून काकूंकडे गळवावरचं मलम पाठवून दिलं.

मग एकदाचं नख उमटेनासं झालं आणि पेपर निघाले. आपल्याला सुताराचा पेपर माहीत असतो. हा पेपर वेगळा. हा पाण्यात राहतो. १०००, १५००, २००० आणि सगळ्यात शेवटी ३०००, अशा चढत्या नंबरांचे पेपर आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांत पाणी घालून आदल्या रात्रीच भिजत ठेवायचे. डबे फ्रीजवर. काकू त्याच कंपनीच्या तशाच डब्यांत साबुदाणा भिजत घालतात. एका आषाढी एकादशीला काय झालं ते अप्पा सांगत नाहीत आणि काकू सारखं सांगतात.

पेपर नुसता हातात धरायचा नाही. बोटांनी दाबलं की बोटांचे चर पडतात, म्हणून तो रबरी ठोकळ्याला गुंडाळायचा. बादलीत भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब. तीन नाही. मी एकदा विचारलं, तीन घातले तर काय होईल? अप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चौकशी मागे घेतली. ठोकळा सरळ रेषेत चालवायचा, गोल गोल नाही. पुढच्या नंबरला दिशा बदलायची, म्हणजे आधीच्या पेपरच्या रेघा उरल्यात का ते दिसतं. आणि पेपर खाली पडला तर तो उचलायचा नाही, टाकून द्यायचा. फरशीवरचा वाळूचा एक कण पेपरला चिकटला तर दरवाजाभर असा ओरखडा ओढतो की चार दिवसांचं काम वाया. पडलेल्या पेपरकडे बघताना अप्पांच्या तोंडून जे निघतं ते क्वालिटी विभागात शिकलेलं नसावं.

"हे सगळं किती मायक्रॉनचं काम आहे माहितीये?" हा त्यांचा आवडता प्रश्न. उत्तराची वाट ते बघत नाहीत. माणसाचा केस सत्तरेक मायक्रॉन जाडीचा. गाडीवरचा क्लिअरचा अख्खा थर पन्नास-साठ मायक्रॉन, म्हणजे केसाहूनही पातळ. २००० नंबरच्या पेपरवरचा एक कण दहा मायक्रॉनचा. आता या केसाहून पातळ थरातला वरचा थोडासा भाग काढायचा, उंचवटे सपाट करायचे आणि उरलेला थर शाबूत ठेवायचा. हे पटवण्यासाठी ते पूर्वी स्वतःच्या डोक्याचा एक केस उपटून बॉनेटवर ठेवून दाखवत. हल्ली ते परवडत नाही, म्हणून ऐकणाऱ्याचा उपटतात.

त्यांची अशी ठरलेली वाक्यं पुष्कळ आहेत. "डोळ्यांवर जाऊ नकोस, हात फिरवून बघ." "घासू नकोस, पेपरला चालू दे." "कडेपासून लांब!" हे शेवटचं ते झोपेतही म्हणतात असं काकूंचं म्हणणं. कडेवर रंग मुळातच ताणून पातळ बसतो, पेपरचा जोर मात्र नेमका तिथेच येतो. दोन हात जास्त फिरले की खालचा थर उघडा पडतो. म्हणून गाडीच्या साऱ्या कडांना त्यांनी टेप लावून ठेवली होती. आणि सगळ्यांत आवडतं वाक्य म्हणजे, "अजून एक पेपर मारला की झालं." या वाक्याच्या भरवशावर काकूंनी दोन वेळा महाबळेश्वरचं बुकिंग केलं आणि दोन्ही वेळा रद्द केलं.

आणि, "पाणी सांगतं." घासताना जे पाणी ओघळतं त्याच्याकडे त्यांचं बारीक लक्ष. ताकासारखं पांढुरकं असेल तर ठीक, क्लिअर निघतोय. पाण्यात रंग दिसला की समजायचं, क्लिअर संपला, आपण खाली पोचलो. एका सकाळी डाव्या मडगार्डवर पाणी लाल झालं. टेप काढून अप्पा कडेचा उरलेला पट्टा "जरासा" जुळवायला गेले होते. धुण्याभांड्याच्या मावशी त्याच वेळी आत येत होत्या. त्यांनी अप्पांचा हात पाहिला, फरशीवरचा लाल ओघळ पाहिला आणि जिन्यातूनच हाक मारली, "काकूऽऽ, अप्पांनी हात कापून घेतला!" काकू मूठभर हळद घेऊन अनवाणी धावत खाली आल्या. अप्पा पाटावर सुन्न बसलेले. काकूंनी हात उलटासुलटा करून पाहिला. कुठे काही नव्हतं.

"हात कापला असता तर परवडलं असतं," अप्पा म्हणाले.

काकूंनी क्षणभर मडगार्डकडे पाहिलं, क्षणभर अप्पांकडे, आणि विचारलं, "मग ही हळद परत डब्यात घालू का?"

त्या मडगार्डला पुन्हा रंग आला, पुन्हा क्लिअर, पुन्हा नखाची परीक्षा. म्हणजे अप्पांचा हंगाम लांबला. त्यांना फारसं दुःख झालं नसावं.

या माणसांना आपल्या हत्यारांचा इतिहासही तोंडपाठ असतो. तुम्ही अप्पांच्या देखत मास्किंग टेप कात्रीने कापली तर ते तुम्हाला १९२५ सालात नेतात. अमेरिकेत तेव्हा दुरंगी गाड्यांची फॅशन आली होती. दोन रंगांच्या मधली रेघ सरळ यावी म्हणून पेंटर कागद चिकटवायचे आणि तो काढताना ताजा रंग त्याबरोबर निघून यायचा. थ्री-एम कंपनीचा रिचर्ड ड्रू नावाचा पोरगा पेपरचे नमुने घेऊन गाड्या रंगवणाऱ्या एका गॅरेजमध्ये गेला होता. तिथे पेंटरची शिवीगाळ ऐकून तो कामाला लागला आणि मास्किंग टेप निघाली. "कुणी तरी मनापासून शिव्या दिल्याशिवाय शोध लागत नाही," हे अप्पांचं भाष्य. त्याच्याही आधी, १९२१ साली, हा पाण्यात चालणारा पेपर आला. तो शोधून काढला फिलाडेल्फियाच्या फ्रान्सिस ओकी या शाईवाल्याने. कोरड्या घासण्यात कारागिरांच्या नाकातोंडात रंगाची धूळ जायची, ती पाण्याने बसली. अप्पा त्याला ओकीसाहेब म्हणतात आणि नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतात. काकूंना ते नाव जेवणाच्या टेबलावर चालत नाही.

पाणी म्हटलं की सोसायटी आलीच. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर येतो. सेक्रेटरींनी फलकावर नोटीस लावली : 'सभासदांनी वाहनांवरील वैयक्तिक प्रयोगांसाठी सोसायटीच्या टाकीतील पाणी वापरू नये. अपवाद हवा असल्यास कमिटीची पूर्वपरवानगी घ्यावी.' अप्पांनी नोटीस शांतपणे वाचली, लाल पेनाने तिच्यातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दुरुस्त केल्या आणि खाली 'तपासले' म्हणून सही केली. त्या दिवसापासून ते वरून, आपल्या नळाचं, एकेक बादली पाणी जिन्याने खाली आणू लागले. अर्थात बादली उतरवताना ज्यांच्या दारापाशी ते दम खायला थांबत, ते सेक्रेटरींचं दार होतं.

बफिंगबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तो काळ आठवला की कानात अजून मशीन वाजतं. ३००० झाल्यावर गाडी एकसारखी मंद दिसते. मग कंपाउंड लावून लोकरीच्या पॅडने आणि त्यानंतर फोमच्या पॅडने तिची चमक उघडायची. पहिल्या मजल्यावरच्या एका तरुण इंजिनिअरने सुचवलं, "अप्पा, वेगळं मशीन कशाला? माझ्या ग्राइंडरलाच बफ लावू या." ग्राइंडर मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे फिरतो आणि बफला दीड-दोन हजार पुरतात, ग्राइंडर लावला तर रंग जागच्या जागी जळेल. अप्पांनी त्याला हे एका वाक्यात सांगितलं आणि पुढे बरेच दिवस त्याच्याशी दुसरं वाक्य बोलले नाहीत. स्वतःचं नवं मशीन आलं तेव्हा मात्र उत्साहाच्या भरात त्यांनी पॅडवर भरपूर कंपाउंड घेतलं आणि पॅड पत्र्याला टेकवायच्या आधीच बटण दाबलं. छत, खांब, वॉचमनचा शर्ट आणि सेक्रेटरींची नोटीस यांवरचे पांढरे ठिपके आजही जागच्या जागी आहेत. वॉचमनने तो शर्ट बदललेला नाही. त्याच दिवशी त्याला अप्पांनी चेला करून घेतलं, आणि तो आता रहिवाशांची नावं विसरतो पण पेपरचे नंबर विसरत नाही.

अप्पा मानतात तो माणूस एकच : नाना पेठेतला एक म्हातारा पेंटर. हयात गाड्या रंगवण्यात गेलेली, दोन्ही हातांच्या नखांत कायमचा प्रायमर. अप्पांनी त्याला खास रिक्षा करून आणलं. चहा झाला, गाडीवरची चादर दूर झाली. म्हाताऱ्याने काहीच विचारलं नाही. तो गाडीभोवती एक चक्कर मारून आला, तळहात उपडा करून बॉनेटवर एकदा फिरवला, दारावर एकदा. अप्पा शाळेतल्या तोंडी परीक्षेला उभे राहावेत तसे हात मागे बांधून उभे. शेवटी म्हातारा म्हणाला, "साहेब, आता हात काढा. ह्याच्याखाली रंग आहे, रंगाखाली प्रायमर आहे, आणि त्याच्याखाली तुमची गाडी."

आम्हाला वाटलं, संपलं. काकूंनी तर त्याच संध्याकाळी महाबळेश्वरच्या हॉटेलचा नंबर शोधला. पण अप्पांनी या वाक्याचा अर्थ असा लावला की आता १००० नको, १५०० पण नको. २००० चालेल.

या नादाचं एक वाईट म्हणजे तो स्वतःच्या गाडीपुरता राहत नाही. मुलगा पुण्याला आला होता, त्याला नवी गाडी घ्यायची होती. अप्पा बरोबर शोरूममध्ये गेले. झगझगीत दिव्यांखाली गाडी उभी. सेल्समनने मायलेज सांगितलं, एअरबॅग मोजून दाखवल्या. अप्पा खाली वाकून मागच्या दारात छताच्या दिव्यांचं प्रतिबिंब बघत होते. "संत्र्याची साल आहे," ते म्हणाले. सेल्समनने आधी सीटखाली पाहिलं, मग घाईघाईने सफाई कामगाराला हाक मारली. खरं म्हणजे अप्पांचं चूक नव्हतं, कारखान्यातून येणाऱ्या कोऱ्या गाड्यांवरही ती थोडीफार असतेच. पण बाहेर न काढलेल्या गाडीला दोन हजारचा पेपर मारून द्या, असा आग्रह त्यांनी धरला तेव्हा मुलगा "बाबा, मी तुम्हाला घरी सोडून येतो" म्हणाला.

आमची गाडी आली तेव्हाची गोष्ट. पेढे घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. पेढा तोंडात टाकून अप्पांनी काकूंकडे एक पातळ प्लॅस्टिकची पिशवी मागितली, ती हातात मोज्यागत चढवली आणि माझ्याबरोबर खाली आले. उघड्या तळव्याला न कळणारे कण पिशवीतून बरोबर कळतात. तो हात गाडीच्या टपावरून सावकाश फिरला. मी श्वास रोखून उभा. "आहे," ते म्हणाले, "थोडंसं आहे." काय आहे, ते विचारलं नाही. पण त्या दिवसापासून मीही अधूनमधून, आजूबाजूला कुणी नाही असं बघून, पिशवी घालून हात फिरवतो, आणि आहे हो. थोडंसं आहे.

दसऱ्याला त्यांच्या गाडीची पूजा ठरली. वर्षभर उभी असल्यामुळे बॅटरी बसली होती. गाडी उजेडात आणायची तर ढकलावी लागणार. आम्ही पाच-सहा जण जमलो. अप्पांनी आज्ञा केली, "ढकला. पण गाडीला हात लावू नका." बऱ्याच वाटाघाटींनंतर मागच्या बंपरवर जुनं धोतर टाकून तेवढ्यापुरती परवानगी मिळाली. उन्हात गाडी आली आणि आम्ही खरंच गप्प झालो. असा लाल रंग मी पाहिला नव्हता. बॉनेटमध्ये समोरच्या इमारतीचे गज मोजता येत होते, गच्चीवर वाळत घातलेली कुणाची तरी चट्ट्यापट्ट्यांची लुंगी दिसत होती, आणि तिच्या पट्ट्यांची एकही रेघ कुठे वाकत नव्हती. तो डास नेमका कुठे बसला होता यावर पोरांत भांडण लागलं आणि कुणालाच जागा दाखवता आली नाही.

काकू तबक घेऊन पुढे आल्या. बोट कुंकवात बुडवून बॉनेटवर स्वस्तिक काढणार, एवढ्यात अप्पांनी त्यांचं मनगट धरलं. "थांब. कुंकू चाळलंय का?" सणाचा दिवस, चार लोक समोर, म्हणून काकू काही बोलल्या नाहीत. त्या तशाच वर गेल्या आणि मैद्याची चाळणी घेऊन आल्या. कुंकू चाळलं गेलं. झेंडूच्या हाराला खाली टिचभर देठ होते, ते वॉचमनने कात्रीने उडवले. स्वस्तिक निघालं, अप्पांनी नमस्कार केला, आणि नमस्काराला वाकले ते बराच वेळ वर आले नाहीत. आम्हाला वाटलं, भरून आलं असेल. ते नंबरप्लेटच्या वर काहीतरी बघत होते.

दिवाळीच्या तोंडावर, रात्री साडेनऊच्या सुमाराला त्यांच्या दारावरची बेल वाजली. मीही तेव्हा तिथेच होतो. दारात सेक्रेटरी, हातात गाडीची किल्ली, चेहरा उतरलेला. नव्या गाडीवर कुणीतरी सायकल घासली होती. गॅरेजवाला पूर्ण दार रंगवावं लागेल म्हणतोय.

टोमणा मारायची एवढी सोन्यासारखी संधी पुण्यात तरी कुणी सोडली नसती. अप्पांनी सोडली. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि फक्त विचारलं, "नख अडकतं का?"

"म्हणजे?"

"ओरखड्यावरून आडवं नख फिरवून बघा. अडकलं तर खोल गेलाय, रंगाशिवाय इलाज नाही. नाही अडकलं तर निघेल."

सेक्रेटरी खाली गेले. आम्ही गॅलरीतून बघत होतो. मोबाइलच्या उजेडात ते दारापाशी उकिडवे बसून नख फिरवत होते, आणि वॉचमन शेजारी उभा राहून त्यांना दिशा सांगत होता. "नाही अडकत!" त्यांनी खालूनच ओरडून सांगितलं.

"मग उद्या सकाळी सहा वाजता," अप्पा कठड्यावरून वाकून म्हणाले. "पेपर मी आजच भिजत घालतो. बादली तेवढी तुमची आणा. आणि पाण्याचं कमिटीला विचारून ठेवा."